मधला करडा आणि निमगोरा

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा फोटो तुम्ही बहुतेक पाहिलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. वर जवळजवळ काळंकुट्ट आभाळ, त्यात एवढासा चंद्र. त्याखाली ढगांची आणि बर्फाळ डोंगरांची पांढरी पट्टी. सगळ्यात खाली न्यू मेक्सिकोतलं एक लहानसं खेडं, चर्च, आणि कबरस्तानातले क्रूस, मावळत्या उन्हात चमकणारे.

अ‍ॅडम्सला तारखा लक्षात ठेवायची सवय नव्हती. या फोटोला त्याने स्वतःच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सालं दिली. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं आणि १९९१मध्ये डेनिस डी चिकोने १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे ४ वाजून ४९ मिनिटं, अशी वेळ काढली. अ‍ॅडम्स त्या दिवशी गाडीने सांता फेकडे परतत होता, सोबत मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दृश्य दिसलं, गाडी थांबली, आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा स्टँडवर चढला, आणि नेमका लाइट मीटर सापडेना. ऊन क्रूसांवरून सरकत चाललेलं.

पुढची गोष्ट फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. अ‍ॅडम्सला आठवलं की चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते, आणि त्या एका आकड्यावर त्याने एक्स्पोजर काढलं. आमच्यासारख्यांना यातली आकडेमोड आवडते, म्हणून ती करूनच बघू. अ‍ॅडम्सच्या ‘झोन सिस्टिम’मध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना शून्य ते दहा असे नंबर आहेत. पाच म्हणजे मधला करडा, आणि प्रत्येक पुढची पायरी म्हणजे एक स्टॉप, दुप्पट प्रकाश. त्याने चंद्र सातव्या पायरीवर बसवला. म्हणजे पाचव्या पायरीवर २५०ची चौथाई, साधारण ६०. फिल्मचा स्पीड ६४. अ‍ॅडम्सचं सूत्र असं की स्पीडच्या वर्गमुळाएवढं अ‍ॅपर्चर ठेवलं, म्हणजे इथे एफ/८, तर शटर त्या पाचव्या पायरीच्या आकड्याइतकं: १/६० सेकंद. लेन्सवर पिवळा फिल्टर, त्याची किंमत तिप्पट वेळ. अ‍ॅपर्चर एफ/३२पर्यंत बंद केलं, म्हणजे आणखी सोळापट. ६०व्या भागाला ४८ने गुणा, ०.८ येतं. त्याने एक सेकंद दिला. दुसऱ्या निगेटिव्हसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

गोष्ट इथे संपवतात आणि सगळे वा वा करतात. मला त्यातलं न सांगितलं जाणारं अर्ध जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या संध्याकाळी आकडा फक्त चंद्राचा होता. गावाचा नव्हता. घरांवर, चर्चवर, झुडपांवर किती उजेड आहे हे अ‍ॅडम्सला माहीत नव्हतं. चंद्र सांभाळला जाईल याची खात्री होती, आणि गाव अंदाजपंचे. व्हायचं तेच झालं. निगेटिव्हमध्ये गावाचा भाग फिका, अशक्त उतरला. तो सुधारण्यासाठी १९४८मध्ये त्याने निगेटिव्हचा खालचा भाग रसायनात बुडवून गडद करून घेतला. आयुष्यभरात याच एका निगेटिव्हच्या तेराशेहून अधिक प्रिंट त्याने काढल्या, आणि काढता काढता आभाळ काळं होत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटांत वरच्या आभाळात ढगांचे पुसट ओरखडे दिसतात, संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसते. नंतरच्या प्रिंट नाटकी आहेत. प्रसिद्ध झाल्या त्या याच. मला पहिल्या जास्त आवडतात, पण तो माझा आणि अ‍ॅडम्सचा प्रश्न.

तेव्हा जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ‘अचूक’ एक्स्पोजरचा तपशील असा आहे: चंद्रासाठी अचूक, माणसांच्या घरांसाठी सात वर्षांनी दुरुस्ती. ‘योग्य एक्स्पोजर’ हा शब्द कुठेही भेटला, यूट्यूबवर, कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये, वर्कशॉपच्या जाहिरातीत, तर मी आता एकच विचारतो. कशासाठी योग्य?

मीटरला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला काय बघतोय तेच माहीत नसतं. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर आपटून आलेला प्रकाश मोजतो. समोर पांढरीशुभ्र गाय असेल तर भरपूर प्रकाश परत येतो, काळी म्हैस असेल तर थोडा. पण थोडा प्रकाश आला तर म्हैस काळी आहे की गोठ्यात अंधार आहे, हे त्या एका आकड्यातून कळायला मार्ग नाही. एक समीकरण आणि दोन अज्ञात. शाळेत शिकवलंय, असं समीकरण सुटत नाही. मग मीटर गृहीत धरतो की समोरचं जग सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे. गायीचा फोटो भरून काढा, गाय करडी. म्हशीचा काढा, म्हैसही करडी. बर्फात फिरायला गेलेल्यांचे मळकट फोटो आणि काळ्या पाषाणाच्या मूर्तीचे फिक्कट फोटो, दोन्ही याच गृहीतकाचे बळी.

हा मधला करडा म्हणजे नेमका किती, यावरही एकमत नाही, ही गंमत. दुकानात मिळणारं ग्रे कार्ड १८ टक्के प्रकाश परत पाठवतं. पण मीटर बनवणाऱ्या कंपन्या ‘के’ नावाचा एक स्थिरांक वापरतात. कॅनन, निकॉन, सेकॉनिक १२.५ घेतात, मिनोल्टा आणि पेंटॅक्स १४ घेत आले. त्यामुळे ग्रे कार्ड आणि मीटर यांचं तंतोतंत जुळतंच असं नाही. अ‍ॅडम्स या ‘के’वर चिडायचा. मला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. स्थिरांक कुणीतरी ठरवावा लागतोच, आणि फरक अर्ध्या स्टॉपच्या आतला आहे. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला असे हार्डकोड केलेले आकडे पाहून धक्का बसत नाही. कुठला आकडा कुणाला समोर ठेवून हार्डकोड झाला, तिथे मात्र थांबावंसं वाटतं.

थांबण्याची जागा अ‍ॅडम्सच्याच पुस्तकात आहे. ‘द निगेटिव्ह’मध्ये कुठल्या झोनमध्ये काय बसतं याची यादी आहे. सहाव्या झोनमध्ये, उन्हातली सरासरी गोऱ्या माणसाची त्वचा. पाचव्या झोनमध्ये, ग्रे कार्डच्या शेजारी: गडद त्वचा, करडा दगड, ऊनपावसाने जुनं झालेलं लाकूड. चौथ्या झोनमध्ये, उन्हातल्या गोऱ्या माणसाच्या पोर्ट्रेटमधली सावली. यादी वाचताना लक्षात येतं की गोऱ्या त्वचेला उजेडाची एक पायरी आहे आणि सावलीची वेगळी पायरी आहे. गडद त्वचेला दगड आणि लाकडाच्या शेजारी मिळून एकच खण. तिला सावली पडते का, पडली तर कुठल्या झोनमध्ये, यादी बोलत नाही.

यावरून अ‍ॅडम्सला झोडपायचा माझा विचार नाही. त्याची पद्धत या सगळ्या प्रकारात सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण ती फोटो काढणाऱ्याला विचारते: हा चेहरा तू कुठे ठेवणार? उत्तर तुमचं. यादी ही नुसती उदाहरणं. पण उदाहरणं सवय लावतात. ‘तळहातावर मीटर धर आणि एक स्टॉप उघड’ हा जुना सल्ला त्या सहाव्या झोनमधूनच आला. सल्ला आपल्याकडेही चालतो, कारण तळहात सगळ्यांचेच बऱ्यापैकी फिके असतात. मात्र जिथे तो शोधला गेला तिथे तळहात आणि गाल यांची छटा जवळपास सारखी होती. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत ती तशी नसते. तळहात सहाव्यावर गेला की चेहरा कुठे जातो, हे ज्याचं त्याने बघायचं.

आता आपल्या झोन सिस्टिमकडे. लग्नाचा बायोडेटा काढा. ‘वर्ण’ असं लिहिलेल्या ओळीसमोर काय काय येऊ शकतं? गोरा. निमगोरा. गव्हाळ. फार फार तर सावळा. यादी इथे संपते. ‘काळा’ असं छापलेला बायोडेटा मी पाहिलेला नाही, आणि काळी माणसं तर घराघरात आहेत. म्हणजे वरच्या टोकाला बारीक बारीक पायऱ्या आणि खाली एकदम कडा. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आपण छाया क्लिप केल्या आहेत. निमगोरा हा शब्द तर बघा, गोरेपणाला मधोमध धरून त्याच्यापासून किती खाली ते मोजणारा. एक स्टॉप कमी.

हे शब्दांपुरतं राहत नाही. माझ्या शाळेतल्या ओळखपत्राचा फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर माझा चेहरा इतका उजळवला की कान वेगळ्या माणसाचे वाटत होते. पैसे वेगळे घेतले नाहीत. ती सेवा धरलेलीच होती. आज तेच काम फोनमधला ब्यूटी मोड करतो. फोन नवा असेल तर कित्येकदा तो आधीपासून चालू असतो.

पण इथे एक गोष्ट नीट वेगळी काढायला हवी, कारण या विषयावरचे बरेच लेख ती एकत्र कालवतात. कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’ची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. १९५०च्या दशकापासून रंगीत प्रिंट काढणाऱ्या लॅबना कोडॅक एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची, आणि तिची त्वचा बरोबर दिसली की मशीन बरोबर लागलं असं मानायचे. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेने २००९मध्ये यावर सविस्तर लिहिलं. तिच्या लिखाणातला लक्षात राहणारा भाग असा की गडद रंग नीट उतरत नाहीत ही तक्रार कोडॅकने मनावर घेतली त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांचा हात होता. पुन्हा ते लाकूडच. पण शर्ली कार्ड म्हणजे रंगांची जुळणी. तो लाइट मीटर नव्हे. मीटरवर वर्णभेदाचा आरोप सरळ टिकत नाही. फ्रेम भरून गडद चेहरा असेल तर मीटर त्याला उजळवून करडा करतो, फ्रेम भरून गोरा असेल तर काळवंडून करडा. त्याचा अन्याय समान आहे.

पक्षपात शिरतो तो चेहऱ्याच्या आजूबाजूने. शाळेचा ग्रुप फोटो आठवा. चाळीस पोरं, चाळीस पांढरे शर्ट, मागे चुना दिलेली भिंत, डोक्यावर बाराचं ऊन. मीटरला दिसतो तो चुना आणि कापड. तो म्हणतो बापरे केवढा उजेड, आणि शटर आवळतो. शर्ट छान येतात, अगदी घडीसकट. गोरी पोरं बरी येतात. काळ्या पोरांचे डोळे आणि दात येतात. असे फोटो कित्येक घरांत लॅमिनेट होऊन भिंतीवर आहेत, आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या मुलाला कुणीतरी हसून विचारलेलं असतं, यात तू कुठेयस? त्याचं उत्तर मीटरच्या सरासरीत आहे. ते ऐकून त्या मुलाला मात्र वाटत राहतं की उत्तर त्याच्या कातडीत आहे.

आणि वारी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि त्यांच्यामध्ये उन्हाने रापलेला चेहरा. कापड आणि चेहरा यांत तीन स्टॉपचा फरक सहज असतो, वर कपाळावर टोपीची सावली. मीटर वापरायला शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला पेपर काढता येणार नाही. दर आषाढात इन्स्टाग्रामवर या पेपरची हजारो उत्तरं येतात, आणि त्यांतली बहुतेक एकाच गाइडमधून उतरवलेली असतात. छाया पूर्ण वर ओढलेल्या, हायलाइट पूर्ण खाली, त्यावर क्लॅरिटीचा स्लायडर. टोपी राखाडी, चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा, सुरकुत्या नांगरलेल्या. डोळ्यांत पाणी असलं तर विचारूच नका. सगळं दिसतं. सगळं सारख्याच जोरात दिसतं. आजोबांच्या चेहऱ्यावर कुठे ऊन होतं आणि कुठे सावली होती, ते दुपारी चालत होते की संध्याकाळी टेकले होते, एवढं सोडून सगळं. शाळेच्या फोटोत चेहरा बुडवला होता. इथे तो उकरून काढलाय. दोन्ही वेळा त्याच्यावर पडलेला उजेड कुणी बघितलेलाच नाही.

कॅमेऱ्यांनी सरासरीचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न बराच आधी सुरू केला. निकॉनच्या १९८३च्या एफए कॅमेऱ्याने फ्रेमचे पाच तुकडे करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला. १९९६च्या एफ५मध्ये तुकडे झाले १,००५, तेही रंग ओळखणारे, आणि मोजलेलं चित्र कॅमेऱ्यात साठवलेल्या तीस हजारांहून अधिक खऱ्या फोटोंच्या माहितीशी ताडून पाहिलं जायचं. मशीन लर्निंग हा शब्द तेव्हा कुणी जाहिरातीत टाकत नव्हतं, पण मला तर हे ओळखीचं वाटतं. माहितीचा साठा आहे, समोरचा नमुना आहे, सगळ्यात जवळचं काय ते शोधा. त्या तीस हजारांत पांढऱ्या टोपीखालचे रापलेले चेहरे किती होते?

तुमच्या खिशातला फोन याच वाटेने आणखी पुढे गेला. गुगलच्या एचडीआर प्लसवर २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध वाचण्यासारखा आहे. फोन एक फोटो काढतच नाही. तो मुद्दाम कमी उजेडाचे अनेक फोटो पटापट काढतो, म्हणजे आभाळ फाटत नाही, मग ते एकावर एक रचून गोंगाट कमी करतो आणि काळे भाग वर उचलतो. किती उचलायचे? इथे सूत्र नाही. इंजिनिअर लोकांनी काही हजार दृश्यं गोळा केली, प्रत्येकाचं एक्स्पोजर माणसाने हाताने, डोळ्याला बरं दिसेल असं लावलं, आणि तुमचं दृश्य त्या संग्रहाशी जुळवून उत्तर काढलं जातं. हे वाचून मला बरं वाटलं, कारण खोटेपणा नाही. ‘योग्य’ म्हणजे काही विशिष्ट माणसांना त्या विशिष्ट दिवशी जे बरं वाटलं ते, असं त्यात जवळजवळ उघड लिहिलंय. फोनच्या डब्यावर मात्र ते छापत नाहीत.

२०२१च्या पिक्सेल ६सोबत गुगलने ‘रिअल टोन’ आणलं. कृष्णवर्णीय आणि इतर फोटोग्राफरांना सोबत घेऊन तो संग्रह वाढवला, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर सुधारलं, आपोआप होणारा पांढरेपणा आवरला. हे चांगलंच झालं, आणि उशिरा झालं. चेहरा शोधणं आणि एक्स्पोजर यांचा संबंध थेट आहे: फोनला चेहरा सापडला तरच तो भिंतीपेक्षा चेहऱ्याला जास्त वजन देतो. गोष्टींची नुसती यादी करायची तर रिअल टोनला पैकीच्या पैकी मार्क.

माझी तक्रार दुसरी आहे. त्याच्या जाहिरातीतले चेहरे बघा. प्रत्येक गडद चेहरा उजेडात आहे, चकाकतोय, त्यातला प्रत्येक छिद्रन्‌छिद्र दिसतोय. ‘आता तुम्ही दिसता’ हे त्या मोहिमेचं सांगणं. यात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली आहे, की चेहऱ्याला न्याय म्हणजे चेहरा उजळ आणि पूर्ण दिसणं. काळा माणूस अंधारात बसलेला असू शकतो, आणि तो अंधार त्याला आवडत असू शकतो, ही शक्यता संग्रहात नाही. शर्लीच्या शेजारी आणखी दहा शर्ल्या बसवल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. सगळ्यांवर उजेड तोच.

इथे रॉय डिकराव्हाचं नाव घ्यायलाच हवं. १९१९मध्ये हार्लेममध्ये जन्मलेला, चित्रकलेतून फोटोग्राफीत आलेला, १९५२मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळालेला पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. लँग्स्टन ह्यूजच्या गोष्टीसोबत त्याचे फोटो १९५५मध्ये ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ या छोट्या पुस्तकात आले. तो फ्लॅश टाळायचा. जिथे जेवढा उजेड तिथे तेवढ्यात काम. प्रिंट स्वतः करायचा, आणि प्रिंट गडद असायच्या. नुसत्या गडद नाही, आजच्या कुठल्याही हिस्टोग्रॅमने ‘अंडरएक्स्पोज्ड’ म्हणून लाल दिवा लावावा इतक्या. सगळा आलेख डावीकडे दाटलेला.

त्याचा १९६३चा ‘मिसिसिपी फ्रीडम मार्चर’ घ्या. वॉशिंग्टनचा मोर्चा, ऑगस्टचा दिवस, हमरस्ता. त्या मोर्चाचे फोटो आपण पाहिलेत: लाखोंची गर्दी, फलक, मंचावरचं भाषण, झगझगीत पांढरं ऊन. डिकराव्हा एका तरुण मुलीच्या चेहऱ्यापाशी थांबतो. मागचे लोक धूसर. ती कॅमेऱ्याकडे पोज देत नाही. आणि चेहरा गडद आहे, खराच गडद; तिच्या रंगाला कुठल्याही पायरीवर वर चढवलेलं नाही. उलट आजूबाजूचं सगळं खाली आणलंय. अंगावरचा पांढरा कपडासुद्धा शुभ्र नाही, करड्यात उतरलेला आहे. शाळेच्या फोटोत शर्टासाठी चेहरा बुडाला होता. इथे चेहऱ्यासाठी शर्ट नमलाय. बाकी सगळ्या छटा तिच्या गालापासून मोजल्या आहेत, आणि त्या गालात तुम्ही पाहत राहिलात तर पायऱ्या सापडत जातात: कपाळाचा एक काळा, नाकाच्या बाजूचा दुसरा, हनुवटीखालचा तिसरा. अ‍ॅडम्सच्या यादीत जिथे एकच खण होता, त्या खणात डिकराव्हाने पूर्ण सप्तक वाजवलंय.

टीजू कोलने २०१५मध्ये डिकराव्हावर एक सुंदर निबंध लिहिला, त्यामुळे आता हे नाव पुन्हा पुन्हा घेतलं जातं. त्याचा एक तोटाही झाला. गडद फोटो म्हणजे खोल फोटो, असं समीकरण तयार झालं आणि आपल्याकडेही स्ट्रीट फोटोग्राफीवाली बरीच मंडळी फोटो काढल्यावर कर्व्ह खाली ओढून मोकळी होतात. दुपारच्या भाजीबाजाराला मध्यरात्र करायची. हे वारीवाल्या स्लायडरचंच उलटं टोक आहे, फक्त इंग्रजी कॅप्शनसकट. डिकराव्हाचा अंधार नंतर ओतलेला वाटत नाही, कारण तो तिथे होता. त्याच्या फोटोत दिवा कुठे आहे हे जवळजवळ नेहमी कळतं.

त्याचा १९५३चा ‘हॉलवे’ बघा. त्यात माणूसच नाही. हार्लेममधल्या एका इमारतीचा अरुंद बोळ, छताजवळ मिणमिणता दिवा, दोन्ही भिंती अंगावर आल्यासारख्या. आपल्याकडच्या जुन्या चाळीत राहिलेल्याला हा बोळ समजावून सांगावा लागत नाही. यात मीटर कशावर धरायचा? दिव्यावर धरला तर बाकी सगळं शून्य. भिंतीवर धरला तर भिंत मधली करडी होणार, म्हणजे बोळ सरकारी कचेरीसारखा उजळ. डिकराव्हाने भिंत कुठल्याशा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर ठेवलीय, हात लावून चाचपडत चालावं लागेल एवढीच दिसेल अशी. तो बोळ त्याने लहानपणी ज्या बोळांतून ये-जा केली त्यांच्यासारखा होता, आणि किती दिसायला हवं हे त्याने त्या ओळखीवरून ठरवलं. तीस हजार फोटोंच्या साठ्यातून हे उत्तर निघालं नसतं. एकाच माणसाच्या एका बोळाचं उत्तर आहे ते.

हे फोटो फोनवर बघायचे तर थोडी तयारी लागते. बसमध्ये खिडकीशी बसून बघू नका, काचेत स्वतःचंच तोंड दिसेल. रात्री खोलीतला दिवा मंद करा, ऑटो ब्राइटनेस बंद करा, नाइट लाइटचा पिवळा थरही काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कॉपी घेऊ नका. कॉम्प्रेशनमध्ये अंधाराचे चौकोनी तुकडे पडतात आणि मग आपण म्हणतो, यात काही दिसतच नाही. पहिले दहा सेकंद खरंच दिसत नाही. डोळ्यांनाही स्वतःचं एक्स्पोजर लावायला वेळ लागतो.

आणि मग आपल्याच इमारतीचा जिना घ्या, रात्री लाइट गेल्यावर नाही, नेहमीचा, एका पिवळ्या बल्बचा. नाइट मोडने काढा. तीन सेकंद स्थिर धरा असं फोन सांगेल आणि मग चपला, तुळशीची कुंडी, विजेच्या मीटरच्या पेट्या, पेट्यांवर खडूने लिहिलेली आडनावं, सगळं स्वच्छ देईल. आता नाइट मोड बंद करा. स्क्रीनवर बल्बच्या जरा खाली, भिंतीवर, बोट दाबून धरा. बहुतेक फोनांत बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते खाली ओढत चला. पहिल्यांदा आडनावं जातात. मग पेट्यांच्या कडा. मग कुंडी. कुठे थांबायचं ते त्या जिन्याने रोज चढणाऱ्याला विचारा.